शाळांची तुलना: कोणत्या मापानें?

जून महिना उजाडण्याच्या कितीतरी आधीं मुंबईच्या उपनगरांत एक निराळीच लगबग सुरू होते. बोरिवली, मुलुंड, चेंबूर, विलेपार्लें अशा ठिकाणीं राहणारा कारकून, दुकानदार किंवा लहानसा कारखानदार आपल्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठीं शाळा शोधावयास निघतो. एका फाटकापाशीं अर्ज घेतो, दुसऱ्या फाटकापाशीं फीचा आंकडा ऐकून परततो, आणि रात्रीं जेवणें झालीं म्हणजे नवरा-बायको दिव्याखालीं बसून हिशेब मांडतात. शेजारी एक सांगतो, मेहुणा दुसरें सांगतो, आणि ज्याच्या मुलास नुकतेच चांगले गुण मिळाले तो तिसरेंच सांगतो. ‘कोणती शाळा चांगली?’ हा प्रश्न उपनगरांत जितक्या कळकळीनें विचारला जातो, तितका दुसरा कोणताहि सार्वजनिक प्रश्न विचारला जात नसेल. तुलना सर्वच करतात. परंतु कोणत्या मापानें करावी, याचा विचार फारच थोडे करतात. तेव्हां आज त्या मापाविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचे बरेचसे वाचक व्यापारी आहेत, म्हणून त्यांच्याच दुकानांतील दाखला घेऊं. तुपाचें भांडें तराजूंत घालण्यापूर्वीं रिकाम्या भांड्याचा धडा करतात, हें दुकानांतल्या नव्या पोऱ्यालाहि ठाऊक असतें. भांडें पितळेचें असेल तर धडा मोठा, पत्र्याचें असेल तर लहान. हा धडा न करतां जो तूप विकतो त्याला आपण लबाड म्हणतों, आणि पुन्हा त्याच्या दुकानाची पायरी चढत नाहीं. पण हाच चोख मनुष्य शाळा तोलावयास निघाला, कीं धडा करावयाचें साफ विसरतो. मुलानें घरून काय आणलें आणि शाळेनें त्यांत काय घातलें, हे दोन जिन्नस तो एकत्रच तोलतो, आणि सर्व वजन शाळेच्या खातीं जमा करतो. पितळेच्या भांड्याला तूप समजून किंमत मोजणारा हा गिऱ्हाईक शाळेच्या बाजारांत मात्र चतुर म्हणून मिरवतो!

प्रचलित मापें कोणतीं, तें पाहा. पहिलें माप इमारतीचें. फाटक मोठें, फरशी गुळगुळीत, गणवेषाला गळपट्टा. म्हणजे शाळा उत्तम. दुसरें माप इंग्रजीचें. मूल घरीं येऊन चार इंग्रजी वाक्यें बोललें म्हणजे विद्या आली. मग त्या वाक्यांचा अर्थ त्यास कळला कीं नाहीं, हें कोणीं पाहावयाचें? तिसरें माप फीचें. ज्याची किंमत अधिक तो माल चांगला, हा समज व्यापाऱ्यानेंहि उराशीं धरावा, याचें आम्हांस नवल वाटतें. कारण किंमत आणि माल यांची फारकत कशी असते, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? हीं तिन्ही मापें वरवरचीं आहेत, हें सांगावयास पांडित्य नको. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, एवढेंच स्मरण पुरे आहे.

चौथें माप मात्र दिसावयास शास्त्रीय आहे, म्हणून अधिक घातक आहे. तें दहावीच्या निकालाचें. समजा, एका शाळेंतील शंभरांपैकीं पंचाण्णव मुलें उत्तीर्ण झालीं, आणि तिच्या पलीकडच्या रस्त्यावरील म्युनिसिपालिटीच्या शाळेंतील पंचाहत्तर. पहिली शाळा श्रेष्ठ, असा निवाडा सारें उपनगर क्षणांत देऊन मोकळें होतें. पण पहिल्या शाळेंतील मुलांचे आईबाप पदवीधर आहेत. घरांत पुस्तकें आहेत, अभ्यासाला स्वतंत्र मेज आहे, संध्याकाळीं खासगी शिकवणी आहे. दुसऱ्या शाळेंतील मुलीचा बाप इमारतींच्या कामावर आहे, काम संपलें कीं बिऱ्हाड हालतें. घरीं एक भाषा, गल्लींत दुसरी आणि वर्गांत तिसरी. शाळा सुटली कीं धाकट्या भावंडास सांभाळावयाचें, आणि अभ्यास करावयाचा तो दहा हातांच्या खोलींत सहा माणसांच्या गलबल्यांत. अशा मुलांतून पंचाहत्तर तारून नेणाऱ्या शिक्षकांनीं अधिक शिकविलें, कीं तयार मुलांतून पंचाण्णव काढणाऱ्यांनीं? उत्तर काय येईल तें आम्ही आधींच सांगत नाहीं. पण धडा केल्यावांचून तें मिळणार नाहीं, एवढें निश्चित. शिवाय शंभरांची ही संख्या आली कोठून? ज्या शाळा नववींतच दुबळ्या मुलास ‘दुसरीकडे पाहा’ म्हणून सुचवितात, त्यांचा निकाल उंच असावयाचाच. गळालेलीं मुलें हिशेबांत धरलीं नाहींत, तर ज्याचें बुडित खातें कीर्दींत लिहिलेंच जात नाहीं अशा पेढीप्रमाणें प्रत्येक शाळा नफ्यांतच दिसेल.

मग प्रामाणिक तुलना शक्यच नाहीं काय? आहे, आणि ती आपल्याच देशांत झालेली आहे. २००८ सालापासून आंध्र प्रदेशांत कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं १८० गांवांत एक प्रयोग केला. सरकारी शाळेंतील ज्या मुलांच्या पालकांनीं इच्छा दर्शविली, त्यांतून चिठ्ठ्या टाकून कांहींस खासगी शाळेंत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ति देण्यांत आली. ज्यांची चिठ्ठी निघाली नाहीं तीं होतीं तेथेंच राहिलीं. दोन्ही बाजूंचीं मुलें एकाच प्रकारच्या घरांतलीं, एकाच प्रकारच्या इच्छेचीं. निवड केली ती नशिबानें. म्हणजे भांड्याचा धडा आपोआपच झाला. चार वर्षांनंतर पाहतां तेलुगु व गणित या दोन विषयांत खासगी शाळेंत गेलेलीं मुलें मागें राहिलेल्यांहून पुढें गेलेलीं आढळलीं नाहींत. हिंदींत मात्र तीं पुष्कळ पुढें होतीं. कारण खासगी शाळा तो विषय लहान वर्गांपासून शिकवीत होत्या. २०१५ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षानें दोन्ही पक्षांचा अभिमान उतरावा अशी त्याची योग्यता आहे. जे खासगी शाळेच्या फाटकालाच विद्येचें द्वार मानतात, त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं सारख्या घरांतलीं मुलें घेतलीं, तर मुख्य दोन विषयांत त्या फाटकानें कांहींच अधिक दिलें नाहीं. आणि जे सरकारी शाळांचे वकील आहेत, त्यांनीं हें विसरूं नये कीं, खासगी शाळांनीं तेवढेंच फळ सरकारी शाळेच्या तृतीयांशाहूनहि कमी खर्चांत आणि त्या दोन विषयांना कमी वेळ देऊन काढलें. हा कमी खर्च मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारांतून निघाला, हें खरें. आणि तशा पगारावर सारें राष्ट्र शिकवून काढावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पूर्ण पगार घेणाऱ्या शिक्षकांकडून पूर्ण काम मागण्याचा हक्क करदात्यास आहे, हें म्हणावयास आम्ही कचरत नाहीं.

इतकें झाल्यावर तुलनेचें दुसरें अंग पाहूं. एकाच गांवाच्या दोन भागांतील दोन सार्वजनिक शाळा समोरासमोर ठेवल्या म्हणजे काय उघडकीस येतें, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत सॅन ॲन्टोनियो शहरीं घडला. तेथें सार्वजनिक शाळांचा कारभार लहान लहान शालेय विभागांच्या हातीं असतो, आणि त्या त्या विभागांतील घरें, जमिनी व कारखाने यांच्या किंमतीवर बसविलेला कर हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग असतो. शहराच्या एका बाजूस एजवूड हा विभाग. त्यांत सुमारें २२,००० विद्यार्थी, त्यांपैकीं शेंकडा ९० मेक्सिकन वंशाचे, बहुतेक श्रमजीवी घरांतले. थोड्याच अंतरावर अलामो हाइट्स हें सधन उपनगर. त्याच्या शाळांत सुमारें ५,००० विद्यार्थी. १९६७-६८ सालीं एजवूडमध्यें दर विद्यार्थ्यामागें करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरांची होती, आणि अलामो हाइट्समध्यें ४९,००० डॉलरांहून अधिक.

आतां पुढचा हिशेब व्यापारी वाचकांनीं नीट ध्यान देऊन वाचावा. एजवूडच्या गरीब रहिवाशांनीं आपल्यावर शंभर डॉलरांमागें १.०५ डॉलर कर बसवून घेतला; अलामो हाइट्सच्या श्रीमंतांनीं ०.८५ डॉलर. म्हणजे त्याग गरिबांचा अधिक. पण राज्याच्या योजनेंतील ठरलेला वाटा भरून झाल्यावर या करांतून आपल्या शाळेसाठीं उरलें किती? एजवूडला दर विद्यार्थ्यामागें २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३ डॉलर. राज्यानें आपल्या तिजोरींतून एजवूडला दर विद्यार्थ्यामागें २२२ डॉलर दिले, आणि अलामो हाइट्सला २२५! मध्यवर्ती सरकारनें गरिबांना १०८ व श्रीमंतांना ३६ डॉलर देऊन थोडी भरपाई केली. एकूण बेरीज एजवूडच्या मुलामागें ३५६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागें ५९४ डॉलर. ज्यानें अधिक दरानें कर दिला त्याला कमी मिळालें, आणि ज्यानें कमी दरानें दिला त्याला अधिक. दोन्ही शाळा ‘सार्वजनिक’, दोहोंवर निशाण एकच. पण आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत येणार कोठून?

१९६८ च्या मे महिन्यांत एजवूडच्या हायस्कुलांतील शेंकडों विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. फुटक्या खिडक्या, मोडकीं शौचालयें, अपात्र शिक्षक, या त्यांच्या तक्रारी. त्याच वर्षीं पालकांनीं न्यायालयाची पायरी चढली. त्यांच्यांतील डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा एक साधा पत्रेकाम करणारा कारागीर होता. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९७३ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं पालक हरले. शिक्षण हा आमच्या मध्यवर्ती राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. न्यायमूर्ति थर्गुड मार्शल यांनीं त्याविरुद्ध कडक भिन्न मतपत्रिका जोडली. परंतु एजवूडचे लोक खचले नाहींत. राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेऊन ते पुन्हा उभे राहिले, आणि १९८९ सालीं टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं ही शालेय अर्थव्यवस्था घटनाबाह्य आहे. पुढें १९९३ सालीं सधन विभागांच्या उत्पन्नाचा कांहीं अंश निर्धन विभागांकडे वळविणारा कायदा झाला. पालकांनीं शाळांची तुलना केली. पण ती केवळ आपलें मूल चांगल्या शाळेंत सरकविण्यासाठीं केली नाहीं, तर वाईट शाळा चांगली व्हावी म्हणून केली. या दोन तुलनांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

कोणी म्हणेल, अमेरिकेची ही कथा आम्हांस कशाला? आमच्याकडे तशी व्यवस्था नाहीं. खरें आहे. १९५० व १९५७ सालीं उपनगरें मुंबई शहरास जोडलीं गेलीं, आणि तेव्हांपासून कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत एकच महानगरपालिका आहे. पार्ल्याच्या घरपट्टींतून पार्ल्याचीच शाळा आणि गोवंडीच्या घरपट्टींतून गोवंडीचीच, असा प्रकार येथें नाहीं. इतकेंच नव्हे, तर १९७३ सालीं अमेरिकन न्यायालयानें जो हक्क मूलभूत मानण्याचें नाकारलें, तो २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें आमच्या राज्यघटनेंत सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठीं लिहिला गेला, आणि त्याची अंमलबजावणी करणारा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. म्हणजे एजवूडच्या पालकांजवळ जें शस्त्र नव्हतें, तें आमच्या हातांत आहे. आणि तरीहि प्रत्येक उपनगरांत एक एजवूड आणि एक अलामो हाइट्स नांदत आहेत. हें कसें झालें?

तें असें, कीं आम्हीं सीमारेषा नकाशावर न काढतां फीच्या पावतीवर काढली. ज्याला फी झेपली तो विनाअनुदान इंग्रजी शाळेंत गेला. ज्याला थोडीशीच झेपली तो जुन्या अनुदानित शाळेंत. आणि ज्याला कांहींच झेपलें नाहीं तो म्युनिसिपालिटीच्या शाळेंत. एकाच रस्त्यावर तीन शाळा आणि तीन समाज! याचा परिणाम केवळ पैशाचा नाहीं. ज्याच्या शब्दाला वजन आहे, ज्याला अर्ज लिहितां येतो, ज्याची नगरसेवकाशीं ओळख आहे, असा प्रत्येक पालक सार्वजनिक शाळेंतून निघून गेला, आणि त्याबरोबर तिचा आवाजहि गेला. पाण्याची टांकी गळते, गणिताचा शिक्षक महिनोन्महिने नाहीं, मुलींच्या शौचालयास कडी नाहीं. पण ओरडणार कोण? ज्याला ओरडतां येतें त्याचें मूल तेथें नाहीं, आणि ज्याचें मूल तेथें आहे त्याचा एक दिवसाचा रोज बुडतो.

ही रेषा थोडी तरी पुसावी, म्हणून २००९ सालच्या कायद्यानें विनाअनुदान खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांत शेंकडा २५ जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस द्याव्या, आणि त्यांचा खर्च सरकारनें ठराविक दरानें भरून द्यावा, अशी तजवीज केली. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नियम बदलून, ज्या खासगी शाळेपासून एका किलोमीटरच्या आंत सरकारी अथवा अनुदानित शाळा आहे, तिला या बंधनांतून मोकळें केलें. उपनगरांसारख्या दाट वस्तींत एक किलोमीटरच्या आंत अशी शाळा नाहीं, असें ठिकाण सांपडणें कठीणच. म्हणजे कायदा हयात ठेवून त्याचा प्राण तेवढा काढून घेण्याचा हा बेत होता. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें हा बदल मूळ कायद्याविरुद्ध म्हणून रद्द ठरविला, हें योग्यच झालें. परंतु ज्या सरकारनें स्वतःच्या शाळा उत्तम करून हा प्रश्न मिटवावयाचा, त्यानेंच पळवाट काढावी, याची टोंचणी मात्र राहते.

म्युनिसिपालिटीच्या शाळांविषयीं जे नाक मुरडतात, त्यांस दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगु व कन्नड अशा आठ भाषांतून मुलांस शिकविण्याचा भार ही संस्था वाहत आलेली आहे. वह्या, पुस्तकें, गणवेष, दप्तर अशा २७ शालोपयोगी वस्तु विनामूल्य देण्याची तिची योजनाहि सर्वश्रुत आहे. आणि २०२० सालानंतर जेव्हां तिनें कांहीं शाळा केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या उघडल्या, तेव्हां प्रवेशासाठीं इतके अर्ज आले कीं सोडत काढावी लागली. म्हणजे लोकांस म्युनिसिपालिटीच्या नांवाचा तिटकारा नाहीं. त्यांस निष्काळजीपणाचा तिटकारा आहे. पण येथेंच आमचा पुढचा प्रश्न उभा राहतो. नव्या शाळेसाठीं जी आस्था दाखविली, ती त्याच आवारांतील मराठी वा उर्दू वर्गांसाठीं कां दाखवूं नये? एकाच इमारतींत एका जिन्यावर आरसपानी प्रयोगशाळा आणि दुसऱ्या जिन्यावर रिकामा टेबल, असें झालें तर अलामो हाइट्स शोधावयास टेक्सासला जावयास नको. मातृभाषेची शाळा पट कमी म्हणून दुर्लक्षित, आणि दुर्लक्षित म्हणून पट कमी. या चक्रांतून तिला जाणूनबुजून बाहेर काढलें पाहिजे.

आणि हा भार कांहीं नवा नाहीं. तें आमच्या प्रांताचें जुनें ऋण आहे. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन विचारलें कीं, सरकारचें उत्पन्न रयतेच्या घामांतून येतें, तर शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्याच पदरांत कां पडतो? निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी त्यांची मागणी होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ करून १९०६ सालीं तें सर्व बडोदें संस्थानांत लागू केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कौन्सिलांत विधेयक आणलें. तें पुढच्या वर्षीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत मोफत व सक्तीचें शिक्षण सुरू करून दाखविलें. आणि १९२१ सालीं विलेपार्ल्याच्या रहिवाशांनीं लोकमान्यांच्या नांवानें स्वतःची शाळा उभारली. या सर्वांनीं ‘माझ्या मुलाचें काय?’ एवढाच प्रश्न विचारला असता, तर आज आमच्यांतील किती वाचकांस हें पत्र वाचतां आलें असतें, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

‘तुमचें म्हणणें तत्त्वतः खरें,’ असें एखादा पालक म्हणेल, ‘पण माझ्या मुलाचें बालपण एकदांच येणार. समाजसुधारणेसाठीं मीं त्याला वाईट शाळेंत बळी द्यावें काय?’ हा आक्षेप खोटा नाहीं, आणि त्याची थट्टा करणें आम्हांस शोभणार नाहीं. कोणाहि बापानें जाणूनबुजून आपल्या मुलाचें नुकसान करावें, असें आमचें सांगणें नाहीं. आमचें सांगणें एवढेंच कीं, शाळा वाईट आहे हें आधीं पाहून ठरवा; रंगावरून, नांवावरून आणि शेजारच्या बाईंच्या मतावरून ठरवूं नका. आणि पाहिल्यावर ती खरोखरच वाईट निघाली, तर मूल दुसरीकडे घालून तुमचें कर्तव्य संपलें, असेंहि समजूं नका. ज्या शाळेचा खर्च तुमच्या करांतून चालतो, ती तुमचीच आहे. मग तुमचें मूल तींत असो वा नसो.

पाहावयाचें म्हणजे काय पाहावयाचें? एक दिवस दुकान अर्धा तास उशिरां उघडा, आणि घराजवळच्या दोन-तीन शाळांत स्वतः जा. तिसरींतील एखाद्या मुलास दुसरीच्या पुस्तकांतील परिच्छेद वाचावयास सांगा, आणि वाचलें तें आपल्या शब्दांत सांगावयास लावा. दोन अंकी वजाबाकी घाला. वर्गांत किती मुलें आहेत तें मोजा. कायद्यानें प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागें व वरच्या प्राथमिक वर्गांत ३५ मुलांमागें एक शिक्षक हवा. किती शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि जे आहेत ते वर्षांतले किती दिवस निवडणुकीच्या व इतर कामांवर जातात, तें विचारा. पहिलींत ज्या मुली दाखल झाल्या, त्यांपैकीं आठवींत किती उरल्या, हा आंकडा मागा. कोणत्याहि निकालपत्रकापेक्षां तो अधिक खरें बोलतो. प्यावयाचें पाणी आणि मुलींचें शौचालय स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा. पुस्तकांच्या कपाटास कुलूप आहे कीं पुस्तकांवर मुलांच्या बोटांचे डाग आहेत, तें पाहा. आणि ज्या शाळेंत प्रवेशापूर्वीं चिमुकल्याची वा त्याच्या आईबापांची मुलाखत घेतात, तिच्याविषयीं एवढें लक्षांत ठेवा कीं, अशी चाळणी २००९ च्या कायद्यानें मना केली आहे. जी शाळा कायदा मोडून मुलें निवडते, ती शिकविण्याच्या श्रमांतूनच सुटका शोधीत असते.

पाहिल्यावर करावयाचें काय, तेंहि सांगतों. याच कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांस व्यवस्थापन समिति नेमणें बंधनकारक केलें आहे. तींत तीनचतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, तिनें शाळेच्या विकासाचा आराखडा करावा व मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवावी, असें त्यांत लिहिलें आहे. कित्येक ठिकाणीं ही समिति सह्यांपुरतीच असते. ज्यांस हिशेब वाचतां येतात अशा गृहस्थांनीं व गृहिणींनीं आपल्या वस्तींतील समितीच्या सभासदांस तो वाचावयास मदत करावी. मोलकरीण म्हणून आपल्या घरीं येणारी बाई अशा समितीची सभासद असूं शकते, हें अनेकांच्या ध्यानींमनींहि नसेल. व्यापारी मंडळांनीं बक्षीस-समारंभाची हारतुरे यांची खर्ची थोडी आखडून, नगरसेवकास शिक्षणाच्या अंदाजपत्रकाचा जाब विचारण्याची प्रथा पाडावी. आणि महानगरपालिकेनें प्रत्येक शाळेचा निकाल प्रसिद्ध करतांना त्यासोबत दाखल झालेल्या, गळालेल्या व टिकलेल्या मुलांची संख्या, रिकाम्या जागा व शिक्षकांचे वर्गाबाहेर गेलेले दिवस प्रसिद्ध करावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. धडा करून तोललेला असा निकाल हातीं आला, म्हणजे कोणत्या शाळेनें खरोखर किती विद्या घातली, तें उपनगरांतील प्रत्येक मनुष्यास दिसेल. आणि आज ज्यांची कोणी दखल घेत नाहीं, असे कित्येक शिक्षक त्या दिवशीं मानाच्या पाटावर बसतील.

एजवूडच्या पत्रेकाम करणाऱ्या कारागिरानें शेजारच्या उपनगराची शाळा पाहिली, आणि ‘माझ्या मुलाला तेथें घ्या’ असें न म्हणतां ‘माझ्या वस्तींतली शाळा अशी कां नाहीं?’ असें विचारलें. त्या प्रश्नास उत्तर मिळावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. आमच्या घटनेंत तें उत्तर आधींच लिहून ठेवलेलें आहे. प्रश्न विचारावयाचा तेवढा उरला आहे. येत्या जूनमध्यें अर्ज घेण्यासाठीं जे पालक रांगेंत उभे राहतील, त्यांनीं परततांना वाटेवरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेचें फाटक एकदां ढकलून आंत पाहावें, इतकीच आमची त्यांस विनंति आहे.